धाकट्यांच्या वर्गांत एक सत्र

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ विचारी व बोलण्यांत सौम्य. तथापि त्या दिवशीं त्यांच्या मनांत कांहीं तरी सलत आहे, हें त्यांच्या मुद्रेवरून दिसत होतें. थोडा वेळ इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, राग मानूं नका. मुलाला आम्ही आपल्या शाळेंत शिकावयाला पाठविलें आहे, शिकवावयाला नाहीं. आठवड्यांतले तीन तास तो दुसरीच्या पोरांत घालवितो. शालान्त परीक्षा वर्षावर आली. उद्यां त्याचें नुकसान झालें तर तें कोणीं भरून द्यावें?"

प्रश्न रास्त होता. त्या वेळीं आम्हीं त्यांना कांहीं उत्तर दिलें. परंतु तें आमचें आम्हांलाच अपुरें वाटलें. असा प्रश्न आणखीहि पुष्कळ पालकांच्या मनांत येत असेल, फक्त ते बोलून दाखवीत नसतील. म्हणून त्या विद्यार्थ्याच्या संमतीनें, त्याचें नांव न सांगतां, त्या सत्राची हकीकत व तिच्यापासून आम्हीं घेतलेला बोध आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम ही व्यवस्था काय आहे तें सांगतों. आमच्या हायस्कुलाला लागूनच प्राथमिक शाळा आहे. नववीच्या वर्गांतील जे विद्यार्थी आपण होऊन इच्छा दर्शवितात, त्यांपैकीं दोघां-तिघांना ठराविक दिवशीं एक एक तास दुसरीच्या वर्गांत मदतीस पाठविण्यांत येतें. वर्ग बाईंचा व शिकविणेंहि बाईंचेंच. मागें पडलेल्या तीन-चार मुलांजवळ बसून त्यांचें वाचन व हिशेब करून घेणें, एवढेंच या विद्यार्थ्यांचें काम. दर दिवशीं काय केलें, काय साधलें व काय फसलें, हें त्यांनीं एका वहींत लिहून ठेवावें असा आमचा दंडक आहे.

ही रीत नवी नाहीं

वडील विद्यार्थ्यानें धाकट्यास शिकवावें, ही कल्पना कोणा आधुनिक पंडितानें काढलेली नाहीं. आपल्याकडील जुन्या गांवठी शाळांत पंतोजी एक, आणि मुलें नाना वयांचीं. एक मुलगा धुळपाटीवर अक्षरें गिरवीत आहे, दुसरा मोडीचें वळण घोटीत आहे, तिसरा दिडकी-अडीचकीपर्यंत पोंचला आहे. अशा ठिकाणीं एकट्या पंतोजीनें सर्वांकडे पाहावें कसें? म्हणून मोठीं मुलें लहानांचा हात धरून अक्षरें गिरवून घेत. शाळा सुटण्यापूर्वीं एक मुलगा पुढें उभा राहून पाढे म्हणे, आणि बाकीचीं मुलें त्याच्या मागून तेच म्हणत.

आपल्या देशांतील अशाच एका शाळेपासून सगळ्या युरोपखंडानें एके काळीं धडा घेतला, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. डॉक्टर अँड्र्यू बेल नांवाचे एक स्कॉच धर्मोपदेशक १७८७ सालीं मद्रासेस आले. सैनिकांच्या मुलांसाठीं १७८९ सालीं एग्मोर येथें जो अनाथाश्रम निघाला, त्याचे ते अधीक्षक झाले. एके दिवशीं एका देशी शाळेंतील मुलें जमिनीवर वाळू पसरून तींत बोटानें अक्षरें काढतांना त्यांनीं पाहिलीं. हीच रीत आपल्या शाळेच्या अगदीं खालच्या वर्गांत सुरू करावी असें त्यांनीं ठरविलें. पण हाताखालचे शिक्षक ती मनापासून चालवीनात. तेव्हां बेलसाहेबांनीं जॉन फ्रिस्कन या सुमारें आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे तो वर्ग सोंपविला. मोठ्यांना जें साधलें नाहीं तें त्या पोरानें साधलें. पुढें बेलसाहेबांनीं स्वदेशीं परतल्यावर १७९७ सालीं या प्रयोगाची हकीकत छापली, आणि या रीतीला 'मद्रास पद्धति' असें नांव पडलें. सेंट अँड्र्यूज या त्यांच्या जन्मगांवीं त्यांच्या देणगींतून निघालेल्या शाळेचें नांव आजहि 'मद्रास कॉलेज' असेंच आहे.

याच सुमारास, म्हणजे १७९८ सालीं, लंडनच्या सदर्क भागांत जोसेफ लँकेस्टर या तरुणानें गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढली. शिक्षकांना पगार देण्यास पैसा नाहीं, आणि मुलें तर शेंकडों. म्हणून त्यानेंहि मोठ्या मुलांना 'मॉनिटर' नेमून त्यांच्याकडून लहानांचे वर्ग चालविले. एका शिक्षकाच्या खर्चांत शेंकडों मुलें शिकतात, हें पाहून ही पद्धति झपाट्यानें पसरली. मुंबई इलाख्यांतहि १८२० नंतरच्या दशकांत निघालेल्या मराठी शाळांत तिचा उपयोग करण्यांत आला. पुढें १८४६ पासून इंग्लंडांत तेरा वर्षांवरील हुशार मुलांना पांच वर्षें शिक्षकाच्या हाताखालीं उमेदवारीस ठेवण्याची रीत सरकारनें सुरू केली. आणि १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यांत हिंदुस्थानासाठींहि तिची शिफारस होती.

मग ती मागें कां पडली? कारण तींत दोष मोठे होते. मॉनिटरला जेवढें पढविलें तेवढेंच तो पुढें पढवी. मुलानें उलट शंका विचारली, तर तिचें उत्तर त्याच्याजवळ नसे. शाळा म्हणजे एक गिरणी झाली. इकडून मूल घालावें, तिकडून पाठांतर बाहेर काढावें. लँकेस्टर हा छडीच्या विरुद्ध होता. पण छडी टाकून त्यानें दुसऱ्या शिक्षा काढल्या. अपराधी मुलाच्या गळ्यांत लांकडाचा ओंडका अडकवावा, अगर त्याला टोपलींत बसवून वर टांगावें, म्हणजे इतरांनीं त्याला हंसावें. छडीचा वळ दोन दिवसांत जातो. हंसण्याचा वळ किती दिवस राहतो, हें त्या काळीं कोणीं मोजलें नाहीं.

स्वित्झर्लंडांत पेस्टालोझी या थोर शिक्षकानें हीच गोष्ट वेगळ्या मनानें केली. १७९८ च्या लढाईंत पोरक्या झालेल्या मुलांना घेऊन १७९९ सालीं त्यानें स्टान्स या गांवीं कांहीं महिने शाळा चालविली. तेथें हाताखालीं शिक्षक नव्हते, तेव्हां ज्या मुलाला येतें त्यानें न येणाऱ्याच्या शेजारीं बसावें, असें त्यानें सुरू केलें. मुलें तेथें एकमेकांचीं भावंडें होतीं, आणि शिकविणें हा त्या भावंडपणाचा एक भाग होता. बाहेरून पाहतां लँकेस्टरची व याची रीत सारखीच. परंतु एकींत हुकूम होता, दुसरींत माया होती.

आज परिस्थिति पालटली आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्राथमिक शाळेंत साधारणतः तीस मुलांमागें एक शिक्षक असावा असें ठरवून दिलें आहे, आणि तो शिक्षक शिकून तयार झालेला असावा. तेव्हां विद्यार्थ्यानें शिक्षकाची जागा भरून काढावी, हा विचार आज सर्वथा त्याज्य होय. परंतु जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीं, स्वखुशीनें, एका मुलानें दुसऱ्यास साह्य करावें, हें २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंहि इष्ट मानलें आहे. आमची व्यवस्था एवढीच आहे.

पहिले पंधरा दिवस

आतां आमच्या विद्यार्थ्याची हकीकत. मुलगा गणितांत हुशार, हस्ताक्षर नेटकें, स्वभाव थोडा उतावळा. पहिल्या दिवशीं वर्गांत गेला तेव्हां दुसरीच्या पोरांनीं "दादा आले, दादा आले" म्हणून त्याच्याभोंवतीं गराडा घातला. तेव्हां स्वारी मोठी खूष झाली. पण आठ दिवसांत त्याच्या वहींत तक्रारी उमटूं लागल्या. 'सत्तेचाळीस लिहा म्हटलें तर चौऱ्याहत्तर लिहितात. लक्षच देत नाहींत.' 'किती हा शब्द वाचतांना अडखळतात. काल सांगितलें तें आज विसरतात.'

बाईंनीं ती वही वाचली आणि त्याला जवळ बसवून विचारिलें, "सत्तेचाळीस म्हणतांना तोंडांतून आधीं काय निघतें?" तो म्हणाला, "सात." "आणि लिहितांना आधीं काय लिहितोस?" "चार." "मग ज्यानें ऐकलें तसें लिहिलें, त्यानें लक्ष दिलें कीं नाहीं?"

मुलगा निरुत्तर झाला. आपणां मोठ्यांच्या हें कधीं ध्यानींहि येत नाहीं, कीं मराठींत संख्या बोलण्याचा क्रम एक व लिहिण्याचा क्रम दुसरा आहे. त्यांत पुनः एकोणतीस म्हणतांना नांव तिसाचें घ्यावयाचें आणि लिहावयाचे मात्र दोन व नऊ! २०१९ सालीं इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत 'सत्तावीस' याच्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. वादाचा निकाल कांहींहि लागो. त्या रीतीमागची अडचण खरी आहे, हें ज्यानें सात वर्षांच्या मुलाजवळ बसून अंक लिहवून घेतले आहेत त्याला तरी नाकारतां येणार नाहीं. 'किती' या शब्दाचेंहि तसेंच. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधीं येते आणि उच्चारांत मागून येते. डावीकडून उजवीकडे वाचीत जा, असें ज्याला आपणच शिकविलें, तें मूल वेलांटीपाशीं अडखळलें तर त्यांत त्याचा आळस कोठें आहे?

एक उत्तर आणि त्याची किंमत

तिसऱ्या आठवड्यांत जें घडलें तें या लेखाचें मुख्य कारण आहे. आमच्या विद्यार्थ्याकडे जीं चार मुलें सोंपविलीं होतीं, त्यांत एक अबोल, किडकिडीत मुलगा होता. त्याला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. बेचाळिसांतून सतरा वजा कर म्हटलें, कीं तो पाटीवर पस्तीस लिही. आमच्या विद्यार्थ्यानें त्याला एकदां सांगितलें, दोनदां सांगितलें, तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगितलें. चौथ्या वेळींहि पस्तीसच आले. तेव्हां त्यानें ती पाटी उचलून उंच धरली आणि सगळ्या वर्गाला म्हणाला, "पाहा रे, याचें उत्तर पाहा!"

वर्ग खदखदून हंसला. बाई त्या वेळीं पलीकडच्या रांगेंत कोणाची वही पाहत होत्या. त्यांनीं वर्ग शांत केला. पण हंसण्याचें कारण त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. त्या लहानग्यानें पाटी घेतली, पुसली आणि दप्तरांत ठेवली. तो रडला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशींहि नाहीं. चौथ्या दिवशीं बाईंनीं सहज विचारिलें, "हा कां येत नाहीं रे? आजारी आहे काय?" तेव्हां आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. त्यानें बाईंना सर्व हकीकत सांगितली आणि बाईंनीं त्याला आमच्याकडे पाठविलें.

आपल्याला आतां बोलणीं खावीं लागणार, अशा तयारीनें तो उभा होता. आम्हींहि प्रथम रागावलोंच होतों. परंतु त्याच्या मुद्रेकडे पाहून आम्हीं तें आवरलें. शारीरिक शिक्षेबरोबर मुलाचा मानसिक छळहि कायद्यानें मना आहे, हें आम्हीं त्याला सांगितलें. आणि पाटी उंच धरणें हें लँकेस्टरच्या ओंडक्याचेंच भावंड आहे, हेंहि सांगितलें. मग आम्हीं विचारिलें, "त्याचें उत्तर पस्तीस कसें आलें?"

तो म्हणाला, "चुकला म्हणून आलें, सर."

"चारी वेळां पस्तीसच कसें आलें? चुकायचें तर एकदां एकतीस यावें, एकदां छत्तीस यावें."

याचा त्यानें विचार केला नव्हता. आम्हीं त्याच्या हातीं कागद दिला. थोड्या वेळानें त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, "दोहोंतून सात जात नाहींत, म्हणून तो सातांतून दोन काढतो. पांच राहिले. चारांतून एक गेला, तीन राहिले. पस्तीस!"

"मग त्र्याऐंशींतून शेहेचाळीस वजा करावयास सांगितलें, तर तो काय उत्तर देईल?"

"त्रेचाळीस," तो म्हणाला. खरें उत्तर सदतीस.

"म्हणजे त्याचा हिशेब नियमानें चालला आहे. नियम चुकीचा आहे. पण तो त्यानें कोठून घेतला?"

यावर तो गप्प राहिला. उत्तर आम्हींच दिलें. पहिलींत आपणच मुलांना सांगतों, कीं मोठ्या संख्येंतून लहान संख्या वजा करावी. त्या मुलानें आपली आज्ञा अक्षरशः पाळली होती. गुरूचें ऐकणाऱ्या शिष्याला आपण चारचौघांत हंसलों होतों!

बाजारांतील हिशेब

त्या मुलाच्या घरीं जाऊन त्याला घेऊन ये, असें आम्हीं सांगितलें नाहीं. तें आमच्या विद्यार्थ्यानें स्वतः ठरविलें. घर सांपडलें नाहीं. शेजाऱ्यांनीं सांगितलें, कीं मायलेकरें बाजारांत असतील. शनिवारची संध्याकाळ होती. मुलाची आई भाजी विकावयास बसली होती, आणि आमचा हा लहानगा तिच्याजवळ पोत्यावर बसून गिऱ्हाइकांना सुटे पैसे परत देत होता.

आमचा विद्यार्थी थोडा दूर उभा राहून पाहूं लागला. एका बाईनें बत्तीस रुपयांची भाजी घेतली आणि पन्नासाची नोट दिली. मुलानें डब्यांत हात घातला. एक एक रुपया ठेवीत म्हणाला, "तेहतीस, चौतीस, पस्तीस." मग पांचाचें नाणें ठेवून, "चाळीस." मग दहाची नोट ठेवून, "पन्नास." अठरा रुपये बिनचूक परत गेले. ज्याला वजाबाकी येत नाहीं म्हणून सगळा वर्ग हंसला होता, तो आईच्या पोटापाण्याचा हिशेब वजाबाकीवर चालवीत होता! फक्त ती वजाबाकी आहे, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें.

इतक्यांत मुलाची नजर गेली, आणि तो आईच्या पाठीमागें लपला. आई म्हणाली, "तूं याच्या शाळेंतला ना, बाळा? तीन दिवस झाले, पोट दुखतंय म्हणतो नि जात नाहीं."

आमच्या विद्यार्थ्यानें तिला खरें काय तें सांगितलें. तें सांगतांना त्याचे पाय लटपटत होते, असें त्यानें वहींत लिहिलें आहे. माउली रागावली नाहीं. ती म्हणाली, "चुकलं तर दहादां सांग, बाळा. पण चारचौघांत हंसूं नको. आम्ही शाळा शिकलों नाहीं; त्याला तिथं नुसतं बसायलासुद्धां बळ लागतं."

हें शेवटचें वाक्य त्यानें वहींत दोनदां लिहिलें आहे. आम्हांलाहि तें वाचून बराच वेळ दुसरें कांहीं सुचलें नाहीं.

सोमवारीं मुलगा शाळेंत आला. आमच्या विद्यार्थ्यानें प्रथम सर्व वर्गापुढें त्याची क्षमा मागितली. कारण हंसणें सर्वांसमक्ष झालें होतें. नंतर त्याच्या शेजारीं बसून तो म्हणाला, "भाजी सतरा रुपयांची झाली. गिऱ्हाइकानें बेचाळीस रुपये दिले. परत किती देशील?" मुलानें क्षणभर विचार केला. "सतरा नि तीन वीस. वीस नि वीस चाळीस. आणखी दोन. पंचवीस."

उत्तर आलें; पण काम येथें संपत नाहीं. बाजारची रीत पाटीवरच्या रीतीशीं जोडून द्यावयास पाहिजे होती. बाईंच्या सांगण्यावरून त्यानें काड्यांच्या दहा दहांच्या जुड्या बांधल्या. चार जुड्या व दोन सुट्या काड्या मुलापुढें ठेवून त्यांतून सतरा मागितल्या. मुलानें एक जुडी दिली. आतां सात सुट्या द्यावयाच्या, आणि जवळ तर दोनच! तो थांबला. आमच्या विद्यार्थ्याच्या ओठांवर उत्तर आलें होतें; पण तो बोलला नाहीं. या सबंध सत्रांत सगळ्यांत कठीण गोष्ट कोणती केली, असें आम्हीं त्याला पुढें विचारिलें, तेव्हां तो म्हणाला, "त्या वेळीं गप्प बसलों ती." शेवटीं मुलानें आपल्या हातानें एका जुडीचा दोरा सोडला. सुट्या काड्या बारा झाल्या. त्यांतून सात दिल्या, पांच उरल्या; शिवाय दोन जुड्या. पंचवीस. हातचा म्हणजे काय, हें त्याला त्या सुटलेल्या दोऱ्यानें शिकविलें.

तो मुलगा वर्षाअखेर वर्गांत पहिला आला, असें आम्ही सांगणार नाहीं. कारण तसें झालें नाहीं. हातचा तो पुढेंहि केव्हां केव्हां विसरे. परंतु आतां चूक दिसली, कीं पाटी लपवीत नसे. "थांबा दादा, जुडी सोडायची राहिली," असें म्हणून स्वतःच पुसून पुनः लिही.

नफा व तोटा

आतां त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळूं. मुलाचें नुकसान झालें काय? सरळ उत्तर द्यावयाचें तर थोडें झालें. सहामाहीस त्याला संस्कृतांत आठ गुण कमी पडले. चौकशी करतां असें दिसून आलें, कीं शाळेंतील तीन तासांखेरीज तो घरींहि रोज अक्षरांच्या चिठ्ठ्या व काड्यांच्या जुड्या करीत बसे. ही आमची चूक. उत्साहाला वेळेची मर्यादा घालून देणें हें आमचें काम होतें, आणि तें आम्हीं केलें नव्हतें. दिवाळीनंतर आम्हीं तीन दिवसांचे दोन केले, आणि घरीं या कामाला हात लावावयाचा नाहीं असा नियम केला. त्या गृहस्थांनीं येऊन बोलून दाखविलें नसतें, तर ही दुरुस्ती झाली नसती. म्हणून आम्ही त्यांचे आभारी आहों.

आणि नफा? तो गुणपत्रकावर सहसा दिसत नाहीं. तरी आम्हीं जें पाहिलें तें सांगतों. पूर्वीं हा मुलगा वर्गांत एखादी गोष्ट समजली नाहीं, तर समजल्यासारखी मान हलवी. हुशार मुलांना ही खोड फार असते. त्यांना हंसें होण्याचें भय अधिक. माघ महिन्यांत बीजगणिताच्या तासाला तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, या पायरीवरून त्या पायरीवर आपण कसे गेलों, तें मला समजलें नाहीं." मागें कोणी तरी हंसलें. तो वळला नाहीं आणि बसलाहि नाहीं. शिकविणारानें शिकणाराच्या मनांत एकदां जाऊन पाहिलें, म्हणजे त्याला स्वतःचें अज्ञान सांगण्याची लाज उरत नाहीं, असा आमचा समज या प्रसंगानें दृढ झाला.

दुसरें असें, कीं ज्याला एखादी गोष्ट दुसऱ्याला समजावून द्यावयाची असते, त्याला ती आधीं मोडून पाहावी लागते. आमच्या विद्यार्थ्यानें पहिलीपासून हजारों वजाबाक्या केल्या होत्या. हातचा कोठून येतो व कोठें जातो, हें मात्र त्यानें प्रथम त्या काड्यांपाशीं पाहिलें, असें तो स्वतःच कबूल करतो.

वार्षिक परीक्षेनंतर ते गृहस्थ पुनः भेटले. संस्कृताचे गुण बरेचसे भरून निघाले होते. पण त्याविषयीं ते कांहीं बोलले नाहींत. ते म्हणाले, "गुरुजी, घरीं धाकट्या बहिणीचा अभ्यास घेतांना हा पूर्वीं ओरडत असे. आतां आधीं 'कसं केलंस?' म्हणून विचारतो. परवां मीच त्याच्यावर ओरडणार होतों, तों मलाहि तो प्रश्न आठवला."

मदतीस जाणाऱ्यांस चार सूचना

या वर्षीं जे विद्यार्थी दुसरीच्या वर्गांत जाऊं इच्छितात, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

१. उत्तर चुकलें कीं 'चूक' असें म्हणण्यापूर्वीं 'कसें केलेंस?' असें विचारा, आणि सांगेपर्यंत थांबा. बहुतेक चुकांना नियम असतो. तो नियम सांपडला, कीं अर्धें काम झालें.

२. मुलाला शाळेबाहेर काय येतें तें पाहा. बाजारांत, शेतांत, स्वयंपाकघरांत तें जें करितें, त्यांत तुमच्या धड्याचें बीज पुष्कळदां असतें.

३. पाटी मुलाच्या हातांत राहूं द्या. जुडी त्यालाच सोडूं द्या. तुम्हीं झटपट सोडविलेलें उदाहरण तुमच्याच उपयोगाचें.

४. कोणालाहि चारचौघांत हंसूं नका व हंसूं देऊं नका. हातून झालेंच, तर क्षमाहि चारचौघांतच मागा.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं मुलाच्या अभ्यासावर ताण पडतो असें दिसल्यास त्या गृहस्थांप्रमाणें निःसंकोच येऊन सांगावें. तास दोन आहेत, ते दोनच राहतील. ज्या विद्यार्थ्यांची इच्छा असेल त्यांनीं शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत पालकांची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे यावें. येतांना एक कोरी वही आणावी. काय फसलें तें लिहिण्यास तींत जागा पुष्कळ ठेवावी.